चौसष्ट फूट पन्हळ

शिडीच्या पाचव्या पायरीवर ह्यांचा डावा पाय थरथरायला लागला. मी खाली शिडी धरून उभी होते. पायजम्याची कड हलताना दिसली तेव्हा आधी वाटलं, वारा आहे. मग माझ्या हातातली शिडीच थरथरू लागली.

"अहो, उतरा."

"करवंटी दे."

"चक्कर येतेय तुम्हाला. उतरा आधी."

"चक्कर मला येईल आणि कळेल तुला? करवंटी दे, शालन."

मी करवंटी दिली नाही. पदरात धरून तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं हे एकेक पायरी चाचपत खाली आले आणि ओटीच्या पायरीवर बसले. ओठ पांढरे पडले होते. पाणी आणून दिलं तर म्हणाले, "वरती पान कुजायला लागलंय. आज काढलं नाही तर सांध्यात जाईल."

चोवीस वर्षं झाली त्या मे महिन्याला. मी आज ब्याऐंशीची आहे, तेव्हा अठ्ठावन्नची होते. हे चौसष्टचे. पाचगणीतल्या एका निवासी शाळेत ह्यांनी एकतीस वर्षं इमारतींची देखरेख केली. अकरा छपरं ह्यांच्या हाताखाली होती. निवृत्त झाले तरी नजर वरच असायची. रस्त्यानं चालताना माणसांची तोंडं कमी बघायचे, वळचणी जास्त. आदल्या पावसाळ्यात तीन पायऱ्यांवरून घसरले होते, बरगडीला मुका मार बसला होता. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून मान वर केली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कासुर्डे, आता खुर्चीवरसुद्धा चढायचं नाही. ह्यांनी मान डोलावली होती. मान डोलावण्यात हे पटाईत.

आमचं घर सासऱ्यांनी, आबांनी, बांधलेलं. एकच लांबट घर, वर पत्रा. सासरे गेल्यावर मधोमध भिंत घालून त्याची दोन घरं केली. उजवीकडचं थोरल्या दिरांचं, जयसिंगदादांचं, डावीकडचं आमचं. अंगण वाटलं, मागची जागा वाटली. छप्पर तेवढं वाटता आलं नाही. पत्रा एकच राहिला आणि पुढच्या अंगाला पन्हळही एकच, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाटणीत सहाही सिल्व्हर ओक आमच्या अंगणात आले.

ज्यांनी सिल्व्हर ओक नुसता लांबून बघितलाय त्यांना त्याचं पान ठाऊक नसतं. कंगव्यासारखं कातरलेलं, वरून हिरवं, पोटाला रुपेरी. झाडावर देखणं दिसतं. पण फेब्रुवारीपासून जे गळायला लागतं ते पाऊस आला तरी थांबत नाही. एका पानाचे दात दुसऱ्यात अडकतात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, आणि भिजलं की त्याची गोधडी होते. पन्हळ अशा गोधडीनं भरली की पाणी मागं फिरतं आणि भिंतीत मुरतं. म्हणून मेअखेरीला पावसाचा मारा अडवायला भिंतींवर कुलुम गवताच्या झड्या बांधायच्या आधी पन्हळ साफ व्हायलाच हवी. कासुर्ड्यांच्या घरात ती लोखंडानं कधी खरवडत नसत. खुरपं लावलं की जस्त निघतं आणि पत्रा गंजतो, असं सासरे सांगायचे. नारळाची अर्धी करवंटी पन्हळीच्या गोलाईत चपखल बसते. तिनं ओढायचं.

त्याच्या नऊ वर्षं आधी ह्याच पानांवरून दोन भावांचं बोलणं थांबलं होतं. दादा म्हणत, झाडं तोड, तुझी पानं माझ्या दारावर पाणी आणतात. हे म्हणत, आबांनी लावलेली आहेत. एका ऑगस्टमध्ये भर पावसात दादा स्वतः वर चढले आणि पडले. खुबा मोडला. साताऱ्याच्या दवाखान्यात हे भेटायला गेले तर दादांनी भिंतीकडे तोंड केलं. "तुझी झाडं सांभाळ," म्हणाले. "माझ्या दारात येऊ नकोस." हे परत आले आणि भिंतीला लागून असलेलं सहावं झाड परवानगी काढून तोडलं. तेव्हापासून पाच. दादांना झाड तोडल्याचं दिसलं असणारच, पण पलीकडून शब्द आला नाही. ह्यांनीही टाकला नाही. मी आणि माझी जाऊ, अक्का, आम्ही मग नवऱ्यांच्या मागं मुक्या झालो. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून आम्हाला एकमेकींच्या फोडणीचा वास तेवढा कळायचा.

तर त्या दिवशी हे पायरीवर बसले असताना मी ठरवलं, ह्यांना पुन्हा शिडीवर चढू द्यायचं नाही. माणूस लावायचं म्हटलं तर ह्यांना पटत नव्हतं. एकदा लावला होता, त्यानं खुरप्यानं खरवडलं म्हणून ह्यांनी त्याला अर्ध्यातून उतरवला होता. राहिला एकच उपाय. पन्हळीवर अशी काही जाळी घालायची की पान आत जाणारच नाही.

मला मग काही सुचेना. हातात घेतलेलं काम हातातच राहायचं. भाजी निवडता निवडता उठायचे आणि अंगणात जाऊन वर बघायचे. दुकानात गेले की चाळण्या, झारे, गाळणी उलटीसुलटी करून बघायचे. दुकानदार म्हणाला, "मावशी, बुंदी पाडायचीय का?" मी म्हटलं, "नाही, नवरा वाचवायचाय." तो हसला. मी हसले नाही.

पहिल्यांदा खिडक्यांना लावतात ती डासांची बारीक जाळी आणली. गल्लीतल्या सुताराकडून दहा फूट ठोकून घेतली. आठवड्याभरात वर पानांचा थर बसला. ह्यांनी मला बोलावलं, ओटीवर उभं राहून बादलीभर पाणी वर फेकलं. पाणी जाळीवरून घरंगळून सगळं अंगणात पडलं.

"बघ," हे म्हणाले, "पन्हळ कोरडी राहिली. अंगण भिजलं. छान झालं."

मग कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी. त्यावर ह्यांनी पाणीसुद्धा वाया घालवलं नाही. "ह्यानं कोंबडी अडेल. ती आपल्या छपरावर येत नाही." खरंच होतं. पानांचे देठ भोकांतून खाली लोंबायला लागले.

मग भिलारच्या माझ्या मावसभावाकडून स्ट्रॉबेरीच्या शेतावर बांधतात ती हिरवी शेडनेट आणली. दोन दिवस ताठ राहिली. तिसऱ्या दिवशी पानांच्या वजनानं मध्येच खाली बसली. हे कितीतरी वेळ बघत उभे होते.

"पाळणा केलास," म्हणाले. "आता बाळ आण."

"तुम्हाला नावं ठेवायलाच हवीत का प्रत्येकाला?"

"मी नावं ठेवत नाही. पान ठेवतंय."

मला राग येत होता तो जाळ्यांचा नव्हता. प्रत्येक जाळी फसली की ह्यांचा चेहरा हलका व्हायचा, तो मला दिसत होता. एकतीस वर्षं छपरं सांभाळलेल्या माणसानं चांगली जाळी कुठली हे मला सांगायला हवं होतं. सांगायचे नाहीत. मी काही आणलं की दोष काढायचे आणि करवंटी घेऊन अंगणात जायचे. मी बाजाराला गेले की वर चढायचे, हेही मला ठाऊक झालं होतं. परत आले की झाडाखाली ताजी ओली पानं पडलेली असायची आणि हे आरामखुर्चीत डोळे मिटून. हा हट्ट कसला हे मला कळत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची घमेंड, असं मी समजत होते.

शेवटी पसरणीचा घाट उतरून वाईला गेले. तिथं शौकत मुजावर म्हणून पत्र्याची कामं करणारा होता. शाळेच्या छपरांवर त्यानं ह्यांच्या हाताखाली काम केलं होतं. मी तीनही जाळ्यांची कहाणी सांगितली. तो ऐकता ऐकता हातोडी खाली ठेवून बसला.

"वहिनी, तुमची तिन्ही सपाट ठेवली होती ना?"

"सपाट म्हणजे?"

"आडवी. पान बसायला जागाच शोधत असतं. आडवं दिसलं की बसलं. त्याला बसू द्यायचं नाही." त्यानं कोपऱ्यातून एक भोकाभोकांचा पत्रा काढला. "ही भाताच्या गिरणीची चाळण. मणी जाईल एवढं भोक. हिला छपराच्याच उतारानं तिरपी बसवायची, वरची कड पत्र्याखाली सरकवायची, पुढची पन्हळीच्या ओठावर वाकवायची. पाणी आत जातं, पान घसरून खाली. वाळलं की वारा नेतो."

"भावाला पटेल तुमच्या?" मी विचारलं. तो ह्यांना भाऊ म्हणायचा.

"त्यांनीच शिकवलंय की मला. शाळेच्या जेवणघराला अशीच बसवली होती आम्ही दोघांनी."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "जेवणघराला बसवली होती?"

"पंधरा वर्षं झाली. अजून तशीच आहे. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

तीन फुटांचा तुकडा घेऊन मी एसटीनं घाट चढून आले. वाटभर तो मांडीवर होता आणि माझा जीव ठिकाणावर नव्हता. घरी आल्यावर ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ओटीच्या कडेला तुकडा तिरपा टेकवला, ओली पानं गोळा करून वर टाकली आणि कळशीनं पाणी ओतलं. पानं घसरली. पाणी चाळणीतून सरळ खाली गेलं. पुन्हा टाकली, पुन्हा घसरली.

हे आले. तुकडा उचलला, अंगठा फिरवून बघितला. मी वाट बघत होते की आता काय काढतात.

"किती फूट सांगितलंस?"

"बत्तीस. आपल्या टोकापासून भिंतीपर्यंत."

"बत्तीस," हे म्हणाले. तुकडा जपून भिंतीशी ठेवला. "पुढच्या वर्षी बघू."

"का?"

"ह्या वर्षी झड्या बांधायला माणसं सांगितलीत."

"झड्यांचा आणि ह्याचा काय संबंध? जेवणघराला बसवलीत, मुलांच्या डाळीत पान पडू नये म्हणून. आणि घरात मी रोज कुंकू लावताना हात थरथरतोय माझा, त्याचं काही नाही?"

हे चप्पल घालून अंगणात गेले आणि झाडांखाली येरझाऱ्या घालत राहिले. मी आतून बघत होते. पाचही झाडांना फेरी घालायचे आणि भिंतीपाशी येऊन थांबायचे.

पुढच्या सोमवारी ह्यांना डोळे तपासायला साताऱ्याला जायचं होतं. मी शौकतला निरोप धाडला. हे सकाळच्या गाडीनं गेले आणि दहा वाजता शौकत टेम्पोतून चाळणी, पट्ट्या, स्क्रू घेऊन हजर झाला. ह्यांना न विचारता एवढं मोठं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. शौकतला चहा दिला.

तो वर चढला. थोडा वेळ नुसता इकडून तिकडे पाय वाजले. मग वरून आवाज आला.

"वहिनी, पन्हळ कुणी साफ केलीय?"

"हेच करतात. ऐकतात का कुणाचं."

"नाही, मी पलीकडची म्हणतोय. दादांच्या बाजूची."

"तिकडची कोण करणार? दादा काठीवर चालतात. मुलगा पुण्यात, तो दिवाळीला येतो. भरलेली असेल."

"एक पान नाही." जरा थांबून तो म्हणाला, "शेवटच्या टोकापर्यंत घासून ठेवलीय. न्हाणीघरावरच्या सांध्याला ताजं डांबर आहे. तुमच्या सांध्याला आहे तसंच. अंगठ्यानं दाबून कड मारलेली. हा हात मी ओळखतो, वहिनी."

मी पदर खोचला. शौकत नको नको म्हणत असताना शिडी चढले. डोकं पत्र्याच्या वर आलं तेव्हा थांबले आणि उजवीकडे बघितलं.

पन्हळ सरळ रेषेत त्या टोकापर्यंत स्वच्छ होती. मधल्या भिंतीचा तिला पत्ताच नव्हता. पत्र्यावर स्क्रूंच्या ओळीवरून, जिथं खाली लाकूड असतं तिथूनच, कॅन्व्हसच्या बुटांचे ठसे गेले होते. धुळीत एकावर एक उमटलेले, जाणारे आणि येणारे. आमच्या टोकाला शिडी लावायची आणि उतरत्या पत्र्यावरून चौसष्ट फूट चालत जायचं, ओणवं होऊन पानं ओढायची, परत यायचं. ज्या माणसाला पाचव्या पायरीवर उभं राहवत नव्हतं तो माणूस. नऊ वर्षं.

आणि मी बत्तीस फूट जाळी आणली होती. ती बसवून काहीच होणार नव्हतं. हे भिंतीपलीकडच्या अर्ध्यासाठी वर चढतच राहिले असते.

"शालन, तू काय करतेस वर?"

पलीकडच्या अंगणात अक्का उभ्या होत्या. हातात सूप. नऊ वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"अक्का, मला तुमच्याशी बोलायचंय."

"खाली उतर आधी. वरनं काय बोलतेस, कावळ्यावानी."

मी भिंतीला वळसा घालून त्यांच्या दारात गेले. पाय उंबऱ्याशी अडला. अक्कांनी माझा दंड धरून आत ओढलं आणि स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. मागच्या खोलीत रेडिओवर बाजारभाव चालले होते. दादा तिथं पडलेले असत.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी हळू आवाजात विचारलं.

"काय?"

"हे तुमच्या छपरावर येतात ते."

अक्कांनी सुपातले तांदूळ एकदा पाखडले. "माझ्या डोक्यावर माणूस चालतोय ते मला ठाऊक नसंल व्हय?"

"आणि दादांना?"

"ते रेडिओ बंद करतात."

मला समजलं नाही.

"पहिल्या वर्षी मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. तर ह्यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला आन् पडून राहिले. करवंटीचा आवाज येतो की नाही, खर्र, खर्र. तो कुठनं कुठवर गेला ते ऐकत असतात. मला सांगतात, आता दाराच्या वर आला. आता न्हाणीवर आला. परत गेला की रेडिओ लावतात." अक्कांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "मागच्या आठवड्यात वळीव आला तेव्हा म्हणाले, न्हाणीवरचा सांधा ठिबकतोय. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक, भिंतीकडं तोंड होतं. मी डांबराचा डबा नेऊन मधल्या भिंतीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ठिबकायचं थांबलं."

"म्हणजे तुम्ही तिघंही..." मी म्हटलं. एवढी वर्षं मी त्या भिंतीला मुकी समजत होते.

मग मी अक्कांना सगळं सांगितलं. गोळ्या, अंधारी, थरथरणारा पाय, बरगडी. अक्कांचे हात सुपातच थांबले.

"हे मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, धडधाकट आहे."

"मला जाळी बसवायचीय, अक्का. सगळ्या पन्हळीवर. तुमच्याही."

अक्कांनी सूप खाली ठेवलं. आत बाजारभाव संपून गाणं लागलं होतं.

"तुला नको म्हणायला माझी जीभ झडेल," त्या म्हणाल्या. "एक भाऊ ह्या पन्हळीनं पाडला, दुसरा पाडू देऊ व्हय? पण बसवलीस तर तो वर येणार नाही. मग हे कशाची वाट बघतील?"

बाहेर शौकत खोकला. त्याला ठरवून हवं होतं, अर्धी, पूर्ण की परत जायचं. त्या पाटावर मी किती वेळ बसले असेन? पाच मिनिटं. मला ती अजून संपलेली वाटत नाहीत. दोन भावांमध्ये एवढंच एक उरलं होतं, पत्र्यावरचा करवंटीचा आवाज. तो मी माझ्या हातानं बंद करणार होते.

पण मला माझा माणूस हवा होता, दोन पायांवर चालणारा. मी उठले.

"शौकतभाई," दारातून म्हटलं, "आणखी बत्तीस फूट कधी मिळेल?"

"दुपारी दोनपर्यंत घाटावर आणतो."

"आणा."

साडेपाचला काम संपलं. सहाला हे आले. फाटकातच थांबले. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे हात आडवा धरून वर बघत होते. ह्या टोकापासून बघत बघत नजर भिंतीपर्यंत गेली आणि भिंतीच्या पुढे गेली.

"पलीकडंपण?"

"हो."

"कुणाला विचारलंस?"

"अक्कांना."

ह्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि आत जाऊन आरामखुर्चीत बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण काय वाढलंय ते बघितलं नाही.

झड्या बांधून झाल्या, पाऊस लागला. पन्हळ पाणी कसं नेत होती ते ऐकण्यासारखं होतं. एकसारखा, न अडखळता जाणारा आवाज. पानं घसरून पायऱ्यांवर पडायची, मी झाडून टाकायचे. सगळं मनासारखं झालं होतं आणि घरात कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हे दिवसातून दहा वेळा दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. हातांना काही सुचायचं नाही. एकदा घड्याळ उघडून बसले, ते चांगलं चालू होतं. पलीकडे रेडिओ सकाळी लागायचा तो चालूच राहायचा, मोठ्या आवाजात. अक्का भिंतीपाशी भेटल्या तेव्हा नुसती मान हलवली. मी काय करून बसले, असं मला रोज वाटायचं. शौकतला बोलावून पलीकडची काढून घ्यावी, असंही दोनदा मनात आलं. मग ह्यांचा तो पाय आठवायचा.

असे तीन आठवडे गेले. आषाढ लागला होता, धुकं अंगणात उतरलेलं. सकाळचे अकरा वाजले असतील. फाटक वाजलं आणि धुक्यातून आधी छत्री दिसली, मग काठी, मग दादा. नऊ वर्षांनी आमच्या अंगणात. मी पदर डोक्यावर घेतला आणि दाराआड झाले.

"मान्या."

ह्यांना ह्या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी जगात नव्हतं. हे खुर्चीतून उठले ते चष्मा न घेताच.

"काय?"

"ही जाळी काढ."

"का?"

"पाणी माझ्या दारात पडतंय."

हे ओटीच्या कडेला येऊन मान तिरकी करून बघायला लागले. मीही बघितलं. त्या टोकाच्या नळातून पाणी सरळ मोरीत पडत होतं. दादांच्या दारात थेंब नव्हता.

"कुठं पडतंय?"

"आता थांबलं. मघाशी पडत होतं."

"पाऊस तर मघापेक्षा वाढलाय."

"तू मला पाऊस शिकवू नकोस. उतार कमी पडलाय हिला."

"छपराचाच उतार आहे. कमी कसा पडेल?"

"कुणी मोजला? तू?"

"मी घरी नव्हतो."

"तेच म्हणतोय मी. घरचा माणूस घरी नसला की असली कामं होतात." दादांचा आवाज चढला. काठी पायरीवर आपटली. "नऊ वर्षं हातानं साफ करत होतास, माझ्या भिंतीला ओल आली नाही कधी. आता काय हात गळून पडले तुझे?"

ह्यांनी खांबाला धरलं. मला वाटलं, चक्कर आली, आणि मी दाराबाहेर आले. पण हे नीट उभे होते.

"तुम्हाला ऐकू यायचं?" हे म्हणाले.

"खुबा मोडलाय माझा. कान नाही."

दादांनी काठीच्या टोकानं पायरीवरचं ओलं पान बाजूला सारलं आणि जरा खालच्या पट्टीत म्हणाले, "न्हाणीच्या वर घाई करायचास. बाकी बरं होतं."

"तिथं पत्रा दबलाय. पाय ठरत नाही."

"मग कशाला जायचास तिथवर? पडला असतास म्हणजे?"

दादांनी दुसरीकडे बघितलं, आमच्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्याकडे.

"दादा, चहा टाकते," मी म्हटलं.

"नको. मी भांडायला आलोय," ते म्हणाले आणि छत्री मिटून ओटीवर बसले.

त्यानंतर दादा दर पावसाळ्यात येत राहिले, आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. तक्रार घेऊनच यायचे. कधी चाळणीचं भोक लहान होतं, कधी मोठं. कधी पत्रा वाजायचा, कधी वाजत का नाही म्हणून शंका यायची. हे प्रत्येक तक्रारीला तेवढ्याच जोरानं उत्तर द्यायचे. दोघं अंगणात उभे राहून वर बोटं दाखवत तास तास घालवायचे. दादा सहा पावसाळे असे आले. सातव्याच्या आधी गेले.

त्यातल्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी शौकत घाट चढून सहज भेटायला आला होता. नेमके दोघंही अंगणात होते आणि उतारावरून चाललं होतं. शौकतला वाईट वाटलं, त्याचंच काम होतं. तो म्हणाला, "भाऊ, माझ्याकडं लेव्हलची नळी आहे टेम्पोत. वर जाऊन दोन मिनिटांत उतार मोजून दाखवतो. दादांची शंका कायमची जाईल."

हे त्याचा हात धरून त्याला झाडापाशी घेऊन गेले.

"शौकत," हळूच म्हणाले, "मोजू नकोस."